रेघ न ओढलेली टिपणे

सकाळी पावणेआठला ऑफिसात माणूस नसते, फक्त उजेड असतो. पूर्वेला तीन खिडक्या आहेत, पण तो त्यांतून एकदम आत येत नाही. आधी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर थबकतो, मग घसरत आमच्या खिडकीच्या चौकटीवर उतरतो आणि तिथून, परक्या घरात चपला कुठे काढाव्यात हे न कळलेल्या पाहुण्यासारखा, फरशीवर हळूच पाऊल ठेवतो. पहिल्यांदा प्रिंटरची कड उजळते. त्यानंतर पाण्याच्या कूलरमधले पाणी, ज्यात तो क्षणभर हिरवट होतो. मग एकामागून एक टेबले. या उजेडात विशेष काही नाही. तो रोज येतो, कुणासाठी येत नाही, आणि साडेनऊला माणसे आली की ट्यूबलाइटच्या पांढरेपणात कुठे नाहीसा होतो ते कळतही नाही. पण त्या पावणेदोन तासांत तो फार बारकाईने पाहतो. बंद स्क्रीनवरचे बोटांचे ठसे, कीबोर्डच्या फटीतला बिस्किटाचा चुरा, कुणाची खुर्ची काल होती तिथून वीतभर सरकली आहे, हे सगळे त्याच्यात दिसते. मी लवकर येतो तो या उजेडासाठी, असे मी ताईला सांगत असे. गेले चार महिने मात्र मी खुर्च्या पाहण्यासाठी येत होतो.

माझे काम चाचणीचे. दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटची व्यवस्था आमचे ऑफिस बनवते. रुग्णाच्या फोनमधले ॲप आणि आमचा सर्व्हर ठरलेल्या रीतीने एकमेकांशी बोलतात. त्या रीतीला एपीआय म्हणतात. मी ॲपच्या जागी बसतो आणि सर्व्हरला प्रश्न विचारतो. मंगळवारी चारची वेळ मोकळी आहे का? ती मला द्या. आता ती रद्द करा. आता तीच दुसऱ्याला द्या. सर्व्हर बरोबर बोलतो की चुकीचे, हे पाहणे एवढीच माझी नोकरी. माणसांशी बोलताना मला घाम फुटतो. सर्व्हरशी बोलताना फुटत नाही.

बाकीचे लोक या कामासाठी स्क्रीनवर चार-चार खिडक्या उघडून बसतात. मला काकांनी वेगळी पद्धत शिकवली होती. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर, वय अठ्ठावन्न. मालकही त्यांना काकाच म्हणतात. त्यांचे टेबल माझ्या डाव्या हाताला, मधे फक्त एक कुंडी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या तिन्ही खिडक्या बंद केल्या होत्या.

"अरे लेका, प्रश्न एकीकडे, उत्तर दुसरीकडे, आणि डोकं तिसरीकडे, असं कसं चालेल? एक साधा टेक्स्ट एडिटर घे. एकच फाईल. त्यातच प्रश्न लिही, त्यातच विचार लिही. प्रश्नाच्या ओळीवर बोट ठेव, दोन बटणं दाब, प्रश्न जातो आणि उत्तर शेजारी उमटतं. वहीसुद्धा तीच आणि टपालपेटीसुद्धा तीच."

ती फाईल हळूहळू माझे घर झाली. प्रश्नाखाली मी निकाल लिहीत असे, आणि निकालाखाली निकालाबद्दल जे मनात येई ते. नीटनेटकेपणा म्हणून प्रश्न आणि टिपण यांच्यामध्ये एक ओळ मोकळी सोडत असे. ती मोकळी ओळ मला खिडकीसारखी वाटे.

गोष्ट बिघडली ती एका छोट्या नियमावरून. रुग्णाने वेळ रद्द केली, तर जुन्या नियमाप्रमाणे ती लगेच मोकळी होत नसे. दवाखान्याने होकार दिला की मग होई. दवाखान्यांनी तक्रार केली, म्हणून नियम बदलला: रद्द केली की तत्काळ मोकळी. काकांनी तो बदल एका दुपारी केला, मी तपासला, सर्व्हर बरोबर बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न विचारला, तर उत्तर जुने. मी काकांना सांगितले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, दुपारपर्यंत दुरुस्त केले. तीन दिवसांनी सकाळी पुन्हा जुने. मग आठवड्याने. मग एका आड एक दिवस.

चूक असती तर ती वेडीवाकडी असती. हे तसे नव्हते. प्रत्येक वेळी लिहिलेले निर्दोष असे, फक्त गेल्या वर्षीचे. म्हणजे कुणीतरी नवे उचलून त्या जागी जुने ठेवत होते. आणि जुन्या कामाची पूर्ण प्रत ऑफिसात एकाच व्यक्तीला अभ्यासासाठी दिलेली होती.

तिला सगळे नवी म्हणत. येऊन सहा महिने होत आले तरी नवीच. सहा महिन्यांची मुदत संपली की तिला कायम करायचे की नाही ते ठरणार होते, आणि काकांचे काम तिने शिकून घ्यावे अशी आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडमची इच्छा होती. ती रबरी तळव्यांचे बूट घाली. मागे येऊन उभी राहिली तरी कळत नसे. संध्याकाळी सगळे गेल्यावर थोडा वेळ थांबे. काकांच्या मशीनचा पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला आहे, हे सफाईवाल्यालाही ठाऊक होते. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि नंतर तिथेच राहू लागली.

एवढे खरे, की बदलांच्या नोंदीत प्रत्येक वेळी काकांचेच नाव होते आणि वेळ सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची, सव्वाआठची. पण चिठ्ठी हाताशी असताना नावाचे काय मोल? आणि वेळ तर मशीनला खोटी सांगता येते. मी फाईलमध्ये तसे लिहिले. "ती मांजराच्या पावलांनी येते," असेही लिहिले. "काकांचे तीस वर्षांचे काम ती दातांनी कुरतडते आहे, आणि काका इतके भले, की स्वतःलाच दोष देतात." ते वाक्य मला आवडले होते. मी ते दोनदा वाचले.

मग एक विचित्र गोष्ट घडली. एका सकाळी काका डबा टेबलावर ठेवत, दाराकडे पाहून म्हणाले, "आली नाही वाटतं अजून आपली मांजराची पावलं?"

माझ्या हातातला कप थांबला. हा शब्द मी कुणाशी बोललो नव्हतो. मी तर कुणाशी फारसे बोलतच नाही.

"कोण, काका?"

"कोण म्हणजे? तीच की." त्यांनी डोळा मिचकावला आणि मशीन चालू केले.

त्या दिवसापासून माझा संशय दोन तोंडांनी खाऊ लागला. कुणीतरी माझी फाईल वाचत होते. मी स्क्रीन भिंतीकडे वळवली. पाणी प्यायला उठताना स्क्रीनला कुलूप लावू लागलो. परत आल्यावर खुर्ची तशीच आहे का, माऊस त्याच कोनात आहे का, ते पाहू लागलो. काका माझ्याकडे वाकून पाहतात का? कुंडीच्या पानांमधून? की नवी वाचते आणि त्यांना सांगते? संशय माणसाला फार शिस्तप्रिय बनवतो. मी माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा मोजून ठेवत असे.

गुरुवारी सकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावले. त्या नेहमी उभ्यानेच बोलतात, त्यामुळे समोरच्याला बसता येत नाही.

"काकांनी तक्रार केली आहे. म्हणतात, नवी त्यांचं काम मुद्दाम बिघडवते. तुला माहीत आहे?"

मी फरशीकडे पाहिले.

"मी ऐकीव गोष्टीवर कुणाला काढत नाही. पण उद्या तिची मुदत संपते. तू रोज तपासतोस, तुझ्याकडे तारखा असतील. उद्या अकरापर्यंत मला एक पान लिहून दे. कुणामुळे बिघडतंय, स्पष्ट. तू लिहिशील ते मी खरं धरेन, कारण तू कुणाच्या अध्यातमध्यात नसतोस."

बाहेर आलो तेव्हा मला अभिमान वाटला, आणि अभिमानाच्या मागोमाग काहीतरी थंड सरकले. काकांच्या तक्रारीतले शब्द मॅडमनी वाचून दाखवले नव्हते, पण ते माझेच असणार हे मला कळत होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी तारखा काढत बसलो होतो. पाठीमागे कुणी आहे हे मला आवाजाने नाही, तर स्क्रीनच्या काचेत कळले.

"दचकू नका," नवी म्हणाली. "मांजर आहे."



तिने स्वतःची खुर्ची ओढून आणली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. "मॅडमनी मला सकाळी सांगितलं, माझ्यावर काय आरोप आहे ते. म्हणून मी चाचणीच्या सर्व्हरचा लॉग वाचायला बसले. म्हटलं, मी निर्दोष आहे हे कुठंतरी लिहिलेलं असेल. तर तिथं तुम्ही सापडलात."

लॉग म्हणजे सर्व्हरची स्वतःची रोजनिशी. कोण आले, काय म्हणाले, हे तो शब्दशः लिहून ठेवतो. तिच्या स्क्रीनवर माझे प्रश्न होते, आणि प्रत्येक प्रश्नाच्या पोटात माझे टिपण. 'ती मांजराच्या पावलांनी येते.' 'ती दातांनी कुरतडते आहे.' आणखी खाली, 'आज ताईशी उगीच भांडलो.' 'मला कधीतरी काकांसारखे कुणालातरी काही शिकवता येईल का?'

"प्रश्न कुठं संपला हे एडिटरला सांगायला तीन हॅश चिन्हांची, ### अशी, रेघ लागते," ती म्हणाली. "तुम्ही रेघ ओढत नाही, नुसती ओळ मोकळी सोडता. मोकळ्या ओळीचा अर्थ त्याला उलटाच कळतो. 'आता खाली आहे ते मजकूर म्हणून पाठव' असा. चार महिने तुम्ही तुमची वही पोस्टानं पाठवताय."

मी विचारले, "हे... कोण कोण वाचतं?"

"रोज? रोज फक्त काका. त्यांचं कामच आहे ते, सकाळी आल्यावर लॉग बघायचा." तिने माझ्याकडे पाहिले. "मी ओरडायला आले नाही. लिहिता छान. पण मला एक सांगा. तुम्ही मला काकांच्या मशीनवर बसलेलं कधी पाहिलंत?"

"नाही."

"एकदा तरी?"

"नाही."

"मी किती वाजता येते?"

"साडेनऊ."

"संध्याकाळी का थांबते, विचारलंत कधी? माझ्या भावाची शिकवणी साडेसातला सुटते. आम्ही एका बसनं जातो." तिने लॅपटॉप मिटला. "मग लिहिलंत कसं हो एवढं?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. ती खुर्ची परत ठेवून गेली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की तिचे बूट फरशीवर चांगले करकरतात.

घरी ताई भाजी निवडत होती. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी तिच्या आणि भाऊजींच्या घरात, मागच्या खोलीत राहतो. मी तिला सगळे सांगितले, लॉगचेही. ती आधी पोट धरून हसली.

"म्हणजे माझ्याशी भांडलास तेही सर्व्हरला कळवलंस? त्यानं काय सल्ला दिला?"

"ताई, गंमत नाही. उद्या मला लिहून द्यायचंय."

"मग लिही, नाही बसलेली पाहिली."

"पण दुसरं कोण असणार? काका स्वतःचंच काम स्वतः मोडतील का?"

ताईने सुरी खाली ठेवली. "परवा तू म्हणत होतास, तुझ्या काकांनी एकच विनोद एका दिवसात तीनदा सांगितला. त्याआधी डबा घरी राहिला म्हणून हळहळत होते, आणि डबा त्यांच्याच हातात होता. तेही तीच मुलगी करते का रे?"

"वयोमानानं होतं असं."

"मी कुठं म्हटलं नाही होत?"

मला तिचा राग आला. ज्याच्यावर चिडण्यासारखे काही नसते त्याच्यावरच माणूस इतका चिडतो. मी न जेवता मागच्या खोलीत गेलो. थोड्या वेळाने भाऊजी दारात ताट ठेवून निघून गेले.

शुक्रवारी मी पावणेआठला ऑफिसात होतो. सर्व्हरला प्रश्न विचारला: रद्द केलेली वेळ मोकळी झाली का? झाली. काल दुपारी तीनला काकांनी माझ्यादेखत दुरुस्त केले होते, तसेच होते. मी प्रश्नाखाली तीन हॅशची रेघ ओढली, तिच्याखाली निकाल लिहिला आणि थांबलो.

आठला काका आले. डबा ठेवला, खुर्ची पुढे ओढली, लॉग उघडला. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली. आज त्यात माझे टिपण नव्हते. मग त्यांनी काम उघडले. चार महिने मी याच वेळी त्यांच्या शेजारी, कुंडीपलीकडे बसत आलो होतो, आणि एकदाही मान वळवली नव्हती. आज वळवली.

ते कालच्या ओळी वाचत होते. ओठ हलत होते. हळूहळू कपाळावर आठ्या चढल्या.

"हे बघ," ते दबक्या आवाजात म्हणाले. "बघ, पुन्हा! दवाखान्यानं हो म्हटल्याशिवाय वेळ मोकळी होईलच कशी? एवढं साधं कळत नाही या पोरीला?" आणि त्यांची बोटे कीबोर्डवर उतरली. मी तसे टायपिंग दुसऱ्या कुणाचे पाहिलेले नाही. चूक नाही, अडखळणे नाही. कालच्या सात ओळी गेल्या. त्यांच्या जागी गेल्या वर्षीच्या पाच, स्वच्छ, सुरेख, आल्या. कोपऱ्यात घड्याळ आठ वाजून अकरा मिनिटे दाखवत होते.

"तपास रे. आता बरोबर बोलेल."

"काका," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला. "तुम्ही आत्ता काढलंत ना, ते तुम्हीच लिहिलं होतंत. काल दुपारी. मी इथंच उभा होतो."

"मी?"

"नियम बदललाय, काका. चार महिने झाले."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी चेष्टा करतो आहे का, हे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते, आणि मी कधी चेष्टा करत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"पण तूच तर लिहिलंस की ती करते म्हणून," ते म्हणाले. "रोज यायचं तुझं. मी चहा घेऊन वाचायचो. मला वाटलं, पोरगा लाजाळू आहे, तोंडानं बोलवत नाही, म्हणून माझ्यासाठी असं पाठवतो. कुणाला सांगितलं नाही मी. शेवटी मॅडमच्या कानावर घातलं, ते तिचं काय करायचं म्हणून."



"डोळ्यांचं असेल," चष्मा हातात फिरवत ते म्हणाले. "चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय. दोन ओळी एकावर एक दिसतात कधी कधी."

हे कारण मला हवे होते. मी ते जवळजवळ हातांनी झेललेच. चष्मा! एका पानात बसेल इतके सोपे, कुणाला न दुखवणारे. मी म्हणालोही, "हो, असेल." काका मान हलवत त्या पाच ओळींकडे पाहू लागले, त्या त्यांना अजूनही बरोबर वाटत होत्या.

साडेनऊला नवी आली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. सरळ जागेवर जाऊन तिने खणातल्या वस्तू एका कापडी पिशवीत भरायला घेतल्या: मग, चार्जर, हाताचे क्रीम. ती मोठ्या टापटिपीने भरत होती.

काकांनी ते पाहिले. "कुठं निघाली ही?" त्यांनी मला विचारले.

"तिची मुदत आज संपते, काका."

"आज?" ते म्हणाले. "अरे, मग तिला सांग ना कुणीतरी, की कायम झालीस म्हणून. चांगली आहे मुलगी. काम शिकते पटपट."

मी फाईल उघडली. मॅडमसाठीचे पान मी तीनदा सुरू केले. पहिल्यांदा लिहिले, 'जुन्या आणि नव्या प्रतींची गल्लत झाली.' पुसले. दुसऱ्यांदा, 'बिघाडाचे नेमके कारण सांगता येत नाही.' तेही पुसले. तिसऱ्यांदा चष्मा लिहिला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. पावणेअकरा झाले. मॅडमच्या केबिनचे दार उघडे होते. नवीने पिशवीची चेन ओढली.

मग चष्माही पुसला आणि लिहिले, की बिघाडाशी नवीचा कोणताही संबंध नाही. तिच्याविरुद्ध जे काही लिहिले गेले ते मी न पाहता लिहिले. तारखा दिल्या, सर्वच्या सर्व, सकाळी आठ-दहाच्या, आठ-अकराच्या. आणि त्यांच्यापुढे, ज्या रकान्यात कारण लिहायचे असते तिथे, चार महिने मी ज्याच्याऐवजी चोर शोधत होतो ते लिहिले.

काका विसरू लागले होते, आणि मी ते पाहिले होते.